समुद्राचे बियाणे राखा : सागरी मासेमारीचे शाश्वत व्यवस्थापन



भातशेती करणारा कोकणातील शेतकरी कितीही अडचणीत आला, तरी मुडीत बांधून ठेवलेल्या बियाण्याला हात लावत नाही. घरात तांदूळ कमी पडला तर तो उसना आणतो, मजुरीला जातो. पण बियाणे खाल्ले तर पुढच्या मृगात पेरायचे काय, हा प्रश्न त्याला माहीत असतो. समुद्रावर पोट असलेल्या आपल्या मच्छीमार बंधूंनाही हाच नियम लागू आहे. फरक एवढाच, की समुद्रातले बियाणे वेगळ्या मुडीत बांधलेले नसते. खायची मासळी आणि बियाण्याची मासळी एकाच पाण्यात, पुष्कळदा एकाच जाळ्यात असते. म्हणून ती ओळखायला शिकावे लागते.

दिनांक २२ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, विमा, वीजदर अशा बाबतींत शेतकऱ्यांप्रमाणे सवलती मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. हा हक्क मिळाला हे चांगलेच झाले. त्याबरोबर बियाणे राखण्याची शेतकऱ्याची सवयही मासेमारीत यावी, या हेतूने प्रस्तुत लेखात सागरी मासेमारीच्या व्यवस्थापनाची माहिती दिली आहे.

मासळीचा साठा : मुद्दल आणि व्याज

समुद्रात एखाद्या जातीची जेवढी मासळी असते, तिला त्या जातीचा साठा म्हणतात. या साठ्यात दरवर्षी दोन प्रकारे भर पडते. एक, नवी पिल्ले जन्माला येऊन साठ्यात सामील होतात. दोन, असलेली मासळी वाढून तिचे वजन वाढते. तसेच साठ्यात दोन प्रकारे घट होते. काही मासळी नैसर्गिकरीत्या मरते, म्हणजे मोठ्या माशांचे भक्ष्य होते किंवा रोगाने जाते. आणि काही आपण पकडतो.

बँकेतील ठेवीशी याची तुलना केली तर गोष्ट लवकर लक्षात येते. साठा हे मुद्दल आणि दरवर्षी पडणारी भर हे व्याज. जोपर्यंत आपण व्याजाएवढीच मासळी काढतो, तोपर्यंत मुद्दल कायम राहते आणि मुले-नातवंडेसुद्धा त्यावर जगू शकतात. व्याजापेक्षा जास्त उचल झाली की मुद्दल कमी होते. मुद्दल कमी झाले की पुढच्या वर्षीचे व्याजही कमी येते. तरीही उचल तेवढीच ठेवली, तर खाते रिकामे होण्यास फार वर्षे लागत नाहीत. साठा न घटवता वर्षानुवर्षे जास्तीत जास्त जेवढी मासळी काढता येते, तेवढीच काढणे म्हणजे शाश्वत मासेमारी.

बँकेच्या खात्यात आणि समुद्रात एक महत्त्वाचा भेद आहे. बँक पासबुक देते, समुद्र देत नाही. शिल्लक किती आहे याचा अंदाज आपल्यालाच बांधावा लागतो.

साठा खालावल्याची लक्षणे

पुढील लक्षणे एकदम न दिसता हळूहळू दिसतात. त्यांतील दोन-तीन एकत्र दिसू लागली, तर सावध व्हावे.

१. पूर्वीएवढीच मासळी मिळण्यासाठी अधिक दूर जावे लागते, अधिक दिवस राहावे लागते, अधिक डिझेल व बर्फ लागतो.

२. एकाच जातीच्या मासळीचा सरासरी आकार दरवर्षी लहान होत जातो. जुन्या तांडेलांना आठवणारे मोठे मासे क्वचितच दिसतात.

३. किमती व मोठ्या जाती (घोळ, रावस, दाढा, मोठी सुरमई) कमी होतात आणि बारीक, कमी भावाच्या मासळीचे प्रमाण वाढते.

४. जाळ्यात येणाऱ्या मासळीपैकी मोठा भाग खाण्यासाठी न विकता भुकटीच्या कारखान्याला जाऊ लागतो.

एका वर्षाच्या आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रातील सागरी मासळीचे उत्पादन २०१७ साली ३.८१ लाख टन, २०१८ साली २.९५ लाख टन आणि २०१९ साली २.०१ लाख टन होते. २०१९ चा आकडा ४५ वर्षांतील नीचांक होता. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात अडकून पडल्या. म्हणजे घट किती वादळाने झाली आणि किती अतिमासेमारीने, हे वेगळे काढावे लागते.

हवामानाचा परिणाम आहे हे खरे. केरळात तारलीचे उत्पादन २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन होते, ते २०२१ साली तीन हजार टनांच्या आसपास आले. या चढउतारात समुद्राच्या तापमानाचा आणि ‘एल निनो’चा मोठा वाटा आहे, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. पण म्हणून आपण हात झटकून चालणार नाही. दुष्काळी वर्षात ज्याच्याकडे बियाणे शिल्लक असते, तोच पुढच्या वर्षी पेरतो. समुद्राला वाईट वर्ष आले तर त्यातून सावरण्यासाठी अंडी देणारी मासळी पुरेशी असावी लागते. वादळ व तापमान आपल्या हाती नाही. जाळे आपल्या हाती आहे.

बियाणे संपले तेव्हा काय झाले?

*मुंबईची चपटी शेवंड :* मुंबईच्या समुद्रात नेहमीच्या लांब मिशांच्या शेवंडीबरोबर चपट्या डोक्याची, आखूड मिशांची वाळूतली शेवंड मिळत असे. कोळंबीसाठी ट्रॉल जाळी ओढणाऱ्या बोटींना ती आयतीच सापडे. निर्यातीचा भाव चांगला असल्याने तिला मागणी होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस मुंबईत या शेवंडीचे उत्पादन वर्षाला शेकडो टन होते. १९९४ सालापर्यंत ते दोन-तीन टनांवर आले आणि ही मासेमारी संपल्यात जमा झाली. कारण सोपे आहे. शेवंडीची मादी अंडी पोटाखाली चिकटवून घेऊन फिरते. ट्रॉल जाळे तळ खरवडत जाते. तळावर हळू चालणाऱ्या मादीला त्यातून सुटका नसते. अशी अंडीवाली मादी पकडली की एका शेवंडीबरोबर हजारो पिल्ले जातात. अंडीवाल्या माद्या पाण्यात परत सोडण्याची पद्धत पडली असती, तर साठा टिकण्यास मोठी मदत झाली असती.

*कर्नाटकातील शिंगाळा :* शिंगाळ्याच्या अनेक जातींत अंडी राखण्याचे काम नर करतो. गोटीएवढी मोठी फलित अंडी तो तोंडात धरतो आणि पिल्ले बाहेर पडून स्वतंत्र होईपर्यंत उपाशी राहतो. बांगडा किंवा तारली एका वेळी हजारो बारीक अंडी पाण्यात सोडतात. शिंगाळ्याची अंडी थोडीच असतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आल्यानंतर १९८० च्या सुमारास अंडी तोंडात धरलेल्या शिंगाळ्यांचे थवेच्या थवे पकडले गेले. अंडी आणि पिल्ले टनावारी नष्ट झाली. थोडी अंडी देणाऱ्या जातीला असा फटका बसला की ती लवकर सावरत नाही.

*न्यूफाउंडलंडचा कॉड :* कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड येथे कॉड या माशावर शेकडो वर्षे गावेच्या गावे जगत होती. १९५० नंतर बर्फगृहे असलेली मोठी परदेशी जहाजे तेथे आली. १९६८ साली तेथील उत्तरेकडच्या कॉडचे उत्पादन सुमारे आठ लाख टनांपर्यंत गेले आणि मग घसरू लागले. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेऊन परदेशी जहाजांना आवर घातला, पण देशातील ट्रॉलर वाढवले. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे लहान मच्छीमार तक्रार करीत होते, की मासा कमी झाला आहे आणि लहान झाला आहे. खोल समुद्रातील ट्रॉलरना मात्र चांगली मासळी मिळत होती, म्हणून साठा ठीक असल्याचा अंदाज बांधला गेला. प्रत्यक्षात उरलासुरला कॉड थोड्या जागी एकत्र येत होता आणि यंत्रांच्या साहाय्याने ट्रॉलर तो शोधून काढत होते. २ जुलै १९९२ रोजी सरकारला मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांवर लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती. ती उठवण्याचा निर्णय व्हायला २०२४ साल उजाडले आणि तेव्हाही केवळ १८,००० टन मासळी काढण्याची परवानगी मिळाली.

या तिसऱ्या उदाहरणातून एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. एखाद्या बोटीला मोठा थवा लागला, म्हणजे साठा भरपूर आहे असे होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका बोटीला १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. घोळीच्या भोताला परदेशात मोठी किंमत आहे. त्या बोटीचे नशीब फळले याचा आनंदच आहे. पण घोळ थव्याने एकत्र येणारा मासा आहे. असा थवा म्हणजे एखाद्या भागातील बियाण्याचा मोठा हिस्सा असू शकतो. त्या एका लिलावावरून घोळ वाढली असे समजून आणखी कर्ज काढून बोट बांधणे शहाणपणाचे नाही.

लहान पापलेटचा हिशेब

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला. सातपाटीचे पापलेट तर सर्वत्र नावाजलेले. तरीही बारीक पापलेट बाजारात टोपल्यांनी विकलेले आपण पाहतो. त्यात नेमके किती नुकसान होते ते पाहू.

समजा, एक किलो बारीक पापलेटमध्ये सरासरी २५ ग्रॅम वजनाचे ४० मासे बसतात. त्यांना किलोला २०० रुपये भाव मिळाला. म्हणजे ४० माशांचे २०० रुपये झाले.

आता हेच ४० मासे समुद्रात राहिले असते तर? त्यातील काही इतर माशांनी खाल्ले असते, काही मेले असते. हिशेब कडक ठेवू आणि चारपैकी तीन मासे गेले असे धरू. उरले १० मासे. त्यांचे वजन प्रत्येकी २५० ग्रॅम झाले, तर एकूण मासळी अडीच किलो होते. मोठ्या पापलेटला किलोला ७०० रुपये भाव धरला, तरी १,७५० रुपये होतात.

म्हणजे तीस मासे मेले असे धरूनही मासळी अडीचपट आणि पैसे जवळजवळ नऊपट होतात. शिवाय मोठे झालेले मासे पकडले जाण्यापूर्वी एकदा तरी अंडी घालून जाण्याचा संभव असतो, तो फायदा वेगळाच. वरील भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या बंदरावरील आजचे भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने घरी करून पाहावा. आकडे बदलतील, निष्कर्ष बदलणार नाही.

हेच ध्यानात घेऊन २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. त्यात पापलेटसाठी १३५ मि.मी. आणि बोंबीलसाठी १८० मि.मी. ही मर्यादा आहे. असा नियम केरळने २०१५ साली प्रथम १४ जातींसाठी केला व पुढे ती संख्या ५८ वर नेली. ही लांबी म्हणजे खालची मर्यादा आहे. १३६ मि.मी.चा पापलेट काही पूर्ण वाढलेला नव्हे. त्याहून मोठा होऊ दिला तर फायदा अधिकच.

जाळे आणि आस

पकडलेला लहान मासा पाण्यात परत टाकला तरी बहुधा जगत नाही. ओढलेल्या जाळ्यात चेंगरून किंवा खोल पाण्यातून वर येताना तो मेलेलाच असतो. म्हणून लहान मासा मुळात जाळ्यात अडकूच नये, हा खरा उपाय. तो जाळ्याच्या आसावर अवलंबून आहे.

*ट्रॉल जाळे :* ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीचा म्हणजे खोळीचा आस सर्वांत महत्त्वाचा. नेहमीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढताना ताण पडला की हा आस मिटतो आणि बारीक मासळीही आत कोंडली जाते. आस चौकोनी असेल तर ताण पडूनही तो उघडा राहतो व लहान मासा निसटून जातो. कोची येथील केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने ४० मि.मी. चौकोनी आसाच्या खोळीची शिफारस केली आहे. पूर्ण जाळे बदलण्याची गरज नाही. केवळ खोळ बदलावी लागते. खोळीवर दुसरे बारीक जाळे चढवणे म्हणजे हा उपाय स्वतःच्या हाताने निकामी करणे होय.

*डोल जाळे :* पालघरपासून रायगडपर्यंत डोल हे बोंबील, जवळा व करंदीचे मुख्य जाळे आहे. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी बांधलेले असते. प्रवाहाबरोबर जे येईल ते त्यात शिरते, म्हणून त्यात पापलेट, घोळ, दाढा यांची पिल्लेही सापडतात. जवळ्यासाठी बारीक आस लागतो हे खरे. पण जवळा नसलेल्या दिवसांत तीच बारीक खोळ लावून ठेवू नये. बोंबिलासाठी मोठ्या आसाची वेगळी खोळ वापरावी. एखाद्या ठिकाणी पिल्लांचे प्रमाण फार दिसले, तर काही दिवस ती जागा बदलावी आणि शेजारच्या बोटींनाही तसे सांगावे.

*कव किंवा गळाचे जाळे :* मासा आसात अडकतो असे उभे जाळे आकार निवडण्यास सर्वांत सोपे. मोठा आस ठेवला की लहान मासा आरपार जातो. पापलेट, सुरमई, रावस यांसाठी हे जाळे योग्य आसाचे वापरल्यास बियाण्याला कमीत कमी धक्का बसतो आणि मासळीही न चेंगरता मिळते.

*पर्ससीन :* हे जाळे संपूर्ण थव्याला वेढा घालते. बांगडा, तारली अशा थव्याच्या मासळीत त्याची ताकद मोठी, म्हणूनच त्यावर मर्यादाही अधिक. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने महाराष्ट्रात पर्ससीन मासेमारी ठरावीक क्षेत्रात आणि सप्टेंबर ते डिसेंबर या काळापुरती मर्यादित केली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांचा प्रकाश टाकून केलेली मासेमारी आणि दोन बोटींनी एक जाळे ओढण्याची बैल ट्रॉलिंगची पद्धत यांवर बंदी घातली. दिव्याच्या प्रकाशाकडे लहान-मोठी सर्व मासळी धावते, त्यामुळे निवड करण्यास वावच राहत नाही.

पावसाळी बंदी

होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात उतरायचे, ही आपली जुनी रीत. खवळलेल्या समुद्रापासून जीव वाचवणे हा तिचा एक हेतू. दुसरे असे, की पावसाळ्यात अनेक जातींची मासळी अंडी घालते. यंत्राच्या बोटी आल्यावर समुद्राची भीती कमी झाली, पण मासळीचा विणीचा हंगाम बदलला नाही. म्हणून रीतीला कायद्याची जोड द्यावी लागली.

पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जो दिवस आधी येईल तोपर्यंत असे. २०१५ पासून महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा काळ ठरला आहे. यंत्र नसलेल्या पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे. बंदी पुन्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढवावी, अशी मागणी अनेक मच्छीमार संघटनांनी केली आहे. मच्छीमारांनी स्वतः पुढे होऊन अधिक बंदी मागावी, यातच तिची उपयुक्तता दिसून येते.

मात्र एक लक्षात ठेवावे. दोन महिने राखलेले पहिल्या दोन आठवड्यांत उधळले, तर बंदीचा फायदा थोडाच राहतो. ऑगस्टच्या सुरुवातीस पिल्ले अगदी बारीक असतात. त्या दिवसांत बारीक आसाची जाळी घेऊन उतरणे म्हणजे रोपवाटिकेत गुरे सोडण्यासारखे आहे.

कायदा कोणता आणि कोणाच्या हद्दीत?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो. तेथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. २०२१ साली त्यात सुधारणा होऊन दंडाच्या रकमा वाढल्या. काही गुन्ह्यांत दंड कित्येक लाखांपर्यंत जातो. १२ ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात केंद्र शासनाचे नियम चालतात. किनाऱ्यालगत ठरवून दिलेल्या वावापर्यंतच्या उथळ पाण्यात यांत्रिक ट्रॉलिंगला मनाई आहे. हा पट्टा रापण, डोल व लहान होड्यांचा आणि मासळीच्या पिल्लांचाही आहे. आपल्या परवान्यात कोणते जाळे, कोणते क्षेत्र आणि कोणता काळ लिहिला आहे, हे प्रत्येक बोटमालकाने तांडेलाला वाचून दाखवावे. दंड झाल्यावर ‘माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

कासव, व्हेल शार्क (बहिरी) यांसारखे संरक्षित प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्यांना सोडावे. जाळ्याच्या नुकसानीपोटी राज्य शासनाच्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी सोडतानाची छायाचित्रे किंवा चित्रफीत लागते, म्हणून मोबाइल हाताशी ठेवावा. कासव वाचवण्याचा संबंध बाजाराशीही आहे. ट्रॉल जाळ्यात कासव निसटण्याची सोय नाही, या कारणावरून २०१९ साली अमेरिकेने समुद्रात पकडलेल्या भारतीय कोळंबीवर बंदी घातली.

‘मी सोडला तर दुसरा पकडेल’

मच्छीमार मेळाव्यांत वरील माहिती सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. ‘साहेब, मी लहान मासा सोडीन; पण मागून येणारी बोट तोच उचलून नेईल. मग नुकसान माझेच ना?’

हा प्रश्न खोटा नाही. शेताला बांध असतो, समुद्राला नाही. शेतकऱ्याने राखलेले बियाणे त्याच्याच शेतात उगवते, मच्छीमाराने राखलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात जाऊ शकतो. म्हणून हे काम एकट्याचे नाही, बंदराचे आहे. येथे मच्छीमार सहकारी संस्थेची भूमिका सर्वांत महत्त्वाची ठरते. डिझेल, बर्फ, विक्री ही कामे संस्था करतेच; त्याबरोबर पुढील गोष्टी सर्वसाधारण सभेत ठरवता येतील :

• ठरलेल्या लांबीपेक्षा लहान पापलेट, घोळ, सुरमई संस्थेच्या लिलावात घ्यायची नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही, ते पकडण्यासाठी कोणी डिझेल जाळत नाही.

• खोळीचा किमान आस संस्थेने ठरवावा आणि हंगामाच्या सुरुवातीस सर्व बोटींची जाळी एकत्र मोजावीत. मोजणी सर्वांसमोर झाली म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

• शेजारच्या दोन-तीन बंदरांच्या संस्थांनी मिळून हाच ठराव करावा. एका बंदराने पाळला आणि दुसऱ्याने मोडला, तर तो टिकत नाही.

• बाहेरच्या बोटींनी नियम मोडल्यास समुद्रात भांडण न करता जागा, वेळ आणि बोटीचा क्रमांक नोंदवून मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी.

बोटीवर नोंदवही ठेवा

शेतकरी पिकाचा खर्च-उत्पन्न लिहून ठेवतो, तशी प्रत्येक बोटीवर साधी नोंदवही असावी. दर फेरीला पुढील सात रकाने भरावेत : (१) निघाल्याची व परतल्याची तारीख, (२) जागा व पाण्याची खोली, (३) जाळे व आस, (४) जाळे किती वेळ पाण्यात होते, (५) डिझेल व बर्फ, (६) जातवार मासळी किलोत, (७) मुख्य जातीच्या दहा माशांची लांबी.

हंगामाअखेर शंभर लिटर डिझेलमागे किती किलो मासळी मिळाली, ते काढावे. समजा पहिल्या वर्षी ८० किलो, तिसऱ्या वर्षी ६५ आणि पाचव्या वर्षी ५० किलो आली, तर भाव वाढल्यामुळे हातात पैसे तेवढेच येत असले, तरी साठा खालावत आहे हे समजावे. सातव्या रकान्यातील लांबीही घटत असेल, तर शंका उरत नाही. न्यूफाउंडलंडच्या लहान मच्छीमारांना मासा कमी झाल्याचे आधी कळले होते. आपल्या बाजूने लेखी आकडे असतील, तर शास्त्रज्ञ आणि शासन यांच्यासमोर आपले म्हणणे अधिक जोराने मांडता येईल.

शेतकरी व ग्राहक बंधूंसाठी

ज्यांचा समुद्राशी थेट संबंध नाही, त्यांचाही यात वाटा आहे. बारीक मासळीची भुकटी कोंबडीखाद्यात व मत्स्यखाद्यात जाते, नारळ-सुपारीच्या बागांत मासळीचे खत घातले जाते. मासळी साफ करताना उरलेले डोके, काटे, आतडी यांपासून केलेले खत किंवा भुकटी अवश्य घ्यावी. पिल्लांपासून केलेल्या मालाची मागणी मात्र वाढवू नये. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी कांदळवन तोडू नये. कोळंबी, बोई, खेकडे आणि अनेक सागरी माशांची पिल्ले त्याच्या मुळांच्या आश्रयाने वाढतात.

थोडक्यात

*काय करावे :* खोळीचा आस मोठा व चौकोनी ठेवावा. अंडीवाली शेवंड जिवंत असतानाच सोडावी. बोटीवर १३५ मि.मी. व १८० मि.मी.ची खूण केलेली पट्टी ठेवावी. नोंदवही भरावी. फाटलेली जाळी किनाऱ्यावर परत आणावीत.

*काय टाळावे :* बंदीच्या काळात यांत्रिक मासेमारी करू नये. खोळीवर दुहेरी जाळे लावू नये. एलईडी दिवे व बैल ट्रॉलिंग वापरू नये. एका चांगल्या हंगामाच्या भरवशावर कर्ज काढून बोटींची संख्या वाढवू नये. तुटकी जाळी समुद्रात टाकू नयेत; ती मालकाशिवाय वर्षानुवर्षे मासे मारीत राहतात.

बंधूंनो, यातील कोणत्याही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. एक वही, एक पट्टी आणि एक नवी खोळ एवढ्यावर सुरुवात होते. येत्या नारळी पौर्णिमेपूर्वी आपल्या संस्थेची सभा बोलवा, पापलेटचा वरील हिशेब आपल्या बंदराच्या भावाने फळ्यावर मांडा आणि निदान एका जातीपुरता तरी ठराव करून पाहा. मुडीतले बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याला आपण दूरदर्शी म्हणतो. समुद्रातले बियाणे सर्वांनी मिळून राखायचे आहे, म्हणून ते अधिक अवघड आहे. पण ते राखले, तर आपल्या मुलांनाही याच बंदरातून बोटी बाहेर काढता येतील.